स्मरणाचा तपशील : रवांडातील वंशसंहार आणि प्रतिबंधाचा प्रश्न

वॉशिंग्टन शहरात 22 एप्रिल 1993 रोजी नाझी राजवटीने केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या राष्ट्रीय स्मृतिसंग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्या समारंभाला अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यासह अनेक देशांचे नेते उपस्थित होते आणि असे पुन्हा घडू द्यायचे नाही, हाच तिथल्या भाषणांचा सूर होता. पुढच्याच मार्च महिन्यात, ज्यू कामगारांचे प्राण वाचवणाऱ्या एका जर्मन कारखानदारावरील ‘शिंडलर्स लिस्ट’ या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. त्यानंतर 21 एप्रिल 1994 रोजी, म्हणजे संग्रहालयाच्या उद्घाटनाला वर्ष पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने रवांडा या आफ्रिकेतील लहानशा देशात तैनात असलेली आपली अडीच हजारांची शांतिसेना 270 वर आणण्याचा ठराव एकमताने संमत केला. रवांडात तेव्हा तुत्सी समाजाची घरे हुडकून कत्तल सुरू होऊन दोन आठवडे झाले होते.

स्मरण केले की पुनरावृत्ती टळते, ही समजूत सार्वजनिक जीवनात इतकी रुळली आहे की ती तपासून पाहावी असे सहसा कोणाला वाटत नाही. 1994 च्या त्या वसंतात पाश्चात्त्य राजधान्यांत स्मरणाचा तुटवडा मुळीच नव्हता, आणि तरीही ते स्मरण रवांडातील कोणाच्याही कामी आले नाही. याचे एक कारण असे की संहाराचे स्मरण दोन प्रकारे करता येते. बळींची संख्या, त्यांच्या यातना आणि मागे राहिलेल्यांचा शोक जपणे हा पहिला प्रकार; तो मृतांचा हक्क आहे आणि त्याला उपयुक्ततेचे माप लावणे गैर ठरेल. दुसरा प्रकार अधिक रुक्ष आहे : ओळखपत्रावर जात कोणी छापली, याद्या कोणत्या कचेरीत तयार झाल्या, शस्त्रे कोणत्या परवान्यावर आली, धोक्याची खबर प्रथम कोणाला लागली आणि त्याने त्या खबरीचे काय केले, हे सर्व नोंदवून ठेवणे. प्रतिबंधाला उपयोगी पडते ते हे दुसरे स्मरण, आणि जगातील बहुतेक स्मृतिसोहळ्यांत नेमके तेच मागे पडते. रवांडाने गेल्या तीस वर्षांत उभी केलेली स्मरणव्यवस्था या दृष्टीने पाहण्याजोगी आहे, कारण तिच्यात हे दोन्ही प्रकार एकत्र आढळतात आणि तिच्या मर्यादाही लपून राहत नाहीत.

वंशसंहार ही कायद्यातील संज्ञा असून मोठे हत्याकांड एवढाच तिचा अर्थ नाही. ती राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने 1944 मध्ये मांडली. लेमकिन यांचे बहुतेक नातलग नाझींच्या हातून मारले गेले होते. त्यांच्याच चिकाटीमुळे 9 डिसेंबर 1948 रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वंशसंहारविरोधी करार स्वीकारला. या करारानुसार एखाद्या राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गटाचा, तो गट म्हणून, संपूर्ण वा अंशतः नाश करण्याच्या हेतूने केलेली पाच प्रकारची कृत्ये वंशसंहार ठरतात : गटातील व्यक्तींना ठार मारणे, त्यांना गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणे, जगणे अशक्य होईल अशी परिस्थिती त्यांच्यावर लादणे, गटातील जन्म रोखणे आणि गटातील मुले बळजबरीने दुसऱ्या गटाकडे सोपवणे. राजकीय पक्षांचे अनुयायी किंवा सामाजिक वर्ग या व्याख्येत बसत नाहीत, आणि त्यावरून पुढे बराच वाद झाला. मात्र व्याख्येचा खरा कणा ‘हेतू’ हा आहे. किती माणसे मेली, यावरून गुन्हा सिद्ध होत नाही. तो सिद्ध करण्यासाठी आदेश, भाषणे, याद्या, बैठका आणि एकाच साच्यातून निघालेली कृती यांचा पुरावा लागतो. म्हणजे तयारीकडे पाहण्याचा आग्रह खुद्द कायद्यानेच धरलेला आहे.

रवांडातील तयारी एका कागदी तुकड्यापासून सुरू होते. हुतू, तुत्सी आणि त्वा हे तिथले तीन समाज एकच भाषा बोलतात, त्याच डोंगरांवर शेजारी राहतात आणि त्यांच्या धर्मातही वेगळेपणा नाही. वसाहतपूर्व काळात हुतू आणि तुत्सी यांच्यातील भेद बऱ्याच अंशी गुरांची मालकी, राजदरबाराशी असलेला संबंध आणि घराणे यांवर ठरे, आणि काही प्रमाणात माणूस एका बाजूचा दुसऱ्या बाजूस जाऊही शके. पहिल्या महायुद्धानंतर आलेल्या बेल्जियन प्रशासनाने, तुत्सी हे जन्मजात राज्यकर्ते असल्याच्या तत्कालीन युरोपीय वंशसिद्धान्ताला अनुसरून, हा भेद गोठवला आणि 1930 च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा समाज छापला. पुढे 1959 मध्ये उठाव झाला, हजारो तुत्सी युगांडा, बुरुंडी आणि काँगोत पळाले आणि 1962 मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाची सत्ता हुतू नेत्यांच्या हाती गेली. परक्यांनी पाडलेली ही रेघ स्वकीय सरकारने पुसली नाही. शाळांतील प्रवेश आणि सरकारी नोकऱ्या यांसाठी ती सोयीची होती, म्हणून ओळखपत्रावरील नोंद तशीच राहिली. 1994 मध्ये रस्तोरस्ती उभ्या राहिलेल्या नाक्यांवर प्रथम ते पत्रच मागितले जाई आणि त्यावरच्या एका शब्दावर माणसाचे जगणे-मरणे ठरे.

निर्वासित तुत्सींच्या मुलांनी युगांडात उभारलेल्या रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंट या संघटनेने 1 ऑक्टोबर 1990 रोजी उत्तरेकडून चढाई केली, तेव्हा अध्यक्ष ज्युवेनाल हाब्यारिमाना यांच्या राजवटीभोवतीच्या जहाल गटाला देशातील सगळ्याच तुत्सींना शत्रूचे हस्तक ठरवण्याची संधी मिळाली. जुलै 1993 मध्ये आरटीएलएम हे खासगी रेडिओ केंद्र सुरू झाले. सरकारी रेडिओच्या कोरड्या भाषेला कंटाळलेल्या तरुणांना त्यावरची गाणी, चावट गप्पा आणि टवाळी आवडू लागली, आणि त्याच खेळकर सुरात तुत्सींना झुरळे म्हणण्याची सवय कानांना लागली. संहार सुरू झाल्यावर हेच केंद्र लपलेल्यांची नावे, पत्ते आणि वाहनांचे क्रमांक सांगू लागले. सत्ताधारी पक्षाच्या युवक शाखेतून निघालेल्या ‘इंटेराहाम्वे’ नावाच्या टोळ्यांना लष्करी शिक्षण दिले गेले आणि 1993 च्या सुमारास शेतीची अवजारे म्हणून पाच लाखांहून अधिक कोयते देशात आयात झाले. प्रशासनाची उतरंड तर आधीपासूनच तयार होती : प्रांत, तालुकावजा ‘कम्यून’, त्याखालचे विभाग आणि त्याही खाली घरांचे लहान गट. कोणत्या घरात कोण राहतो, हे स्थानिक अधिकाऱ्याला तोंडपाठ असे. गावाने एकत्र येऊन रस्ते आणि बांध दुरुस्त करण्याची सक्तीची प्रथा चालू होती. पुढे हत्येलाही स्थानिक बोलीत ‘काम’च म्हटले गेले, आणि त्यासाठी माणसांना त्याच पद्धतीने सकाळी गोळा केले गेले. शेकडो वर्षांचे आदिम वैर अचानक उसळले, असे वर्णन त्या काळी परदेशी वृत्तपत्रांत सर्रास आढळते. ते वस्तुस्थितीला धरून नाहीच, शिवाय फार सोयीचेही आहे, कारण आदिम वैराला कोणी रोखू शकत नाही असे म्हणून मोकळे होता येते.

ही तयारी गुप्त राहिली होती, असेही नाही. राजधानी किगालीच्या दक्षिणेस बुगेसेरा भागात मार्च 1992 मध्ये तुत्सींवर हल्ले झाले, तेव्हा न्यामाता येथे अनेक वर्षे राहिलेल्या अंतोनिया लोकातेल्ली या इटालियन महिलेने परदेशी रेडिओला दूरध्वनी करून हे उत्स्फूर्त दंगे नसून घडवून आणलेल्या हत्या आहेत, असे सांगितले. त्यानंतर लवकरच तिला गोळ्या घालण्यात आल्या. ऑगस्ट 1993 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक बाक्र वाली एन्दिये यांनी आपल्या अहवालात, या हत्यांना वंशसंहाराची व्याख्या लागू पडू शकते, असे लेखी नमूद केले. शांतिसेनेचे कॅनेडियन सेनापती रोमिओ डालेर यांनी 11 जानेवारी 1994 रोजी न्यूयॉर्कला पाठवलेला तारसंदेश आता प्रसिद्ध आहे. टोळ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या एका खबऱ्याच्या हवाल्याने त्यात म्हटले होते की किगालीतील सर्व तुत्सींच्या नोंदी करण्याचे आदेश त्याला मिळाले आहेत, त्या नोंदी त्यांना संपवण्यासाठी असाव्यात असा त्याला संशय आहे, आणि त्याची माणसे वीस मिनिटांत एक हजारांपर्यंत लोक मारू शकतात. शस्त्रसाठ्यावर 36 तासांच्या आत छापा घालण्याचा आपला इरादा डालेर यांनी कळवला. मुख्यालयाने, हे शांतिसेनेच्या अधिकारकक्षेबाहेर असल्याचे सांगून, छाप्याला मनाई केली आणि ही माहिती अध्यक्ष हाब्यारिमाना यांच्या कानी घालावी, अशी सूचना दिली. ज्यांच्या गोटातून कट शिजत होता, त्यांनाच तो कट कळवण्याची ही सूचना सरकारी पत्रव्यवहाराच्या इतिहासात एकमेवाद्वितीय म्हणावी लागेल.

6 एप्रिल 1994 च्या रात्री हाब्यारिमाना यांचे विमान किगालीजवळ पाडले गेले. दुसऱ्याच दिवशी मवाळ हुतू पंतप्रधान आगाथे उविलिंगियिमाना आणि त्यांच्या संरक्षणास धाडलेले दहा बेल्जियन सैनिक मारले गेले, आणि मारेकऱ्यांच्या अपेक्षेप्रमाणे बेल्जियमने आपली तुकडी परत बोलावली. किगालीतील एका तांत्रिक शाळेत बेल्जियन सैनिकांच्या आश्रयास दोन हजारांच्या आसपास लोक आले होते. 11 एप्रिलला सैनिक निघून गेले, फाटकाबाहेर टोळ्या थांबलेल्याच होत्या, आणि त्या लोकांना न्यान्झाच्या टेकडीकडे चालवत नेऊन त्यांतील बहुतेकांना त्याच दिवशी ठार करण्यात आले. पॅट्रिऑटिक फ्रंटच्या सैन्याने 4 जुलैला किगाली घेईपर्यंत, सुमारे शंभर दिवसांत, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार आठ लाखांहून अधिक आणि रवांडा सरकारच्या गणनेनुसार दहा लाखांहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य तुत्सी होते आणि संहाराला विरोध करणारे हुतूही होते.

या शंभर दिवसांतील एक प्रसंग मात्र आकड्यांपेक्षा अधिक काही सांगतो. दक्षिणेकडील बुतारे प्रांताचे प्रमुख ज्याँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना हे देशातील एकमेव तुत्सी प्रांतप्रमुख होते. त्यांनी अधिकाऱ्यांना हाताशी धरून बैठका घेतल्या, शेजारच्या प्रांतांतून येणाऱ्या टोळ्यांना पायबंद घातला आणि देशभर रक्तपात चालू असताना सुमारे दोन आठवडे आपला प्रांत बराचसा शांत ठेवला. तेव्हा हाब्यारिमानांच्या मृत्यूनंतर बनलेल्या हंगामी सरकारने त्यांना पदावरून दूर केले. हंगामी अध्यक्षांनी 19 एप्रिलला बुतारेत येऊन, काम न करणाऱ्यांनी बाजूला व्हावे अशा आशयाचे भाषण केले. त्यानंतर तिथल्या हत्या देशातील सर्वांत भीषण हत्यांपैकी ठरल्या, आणि हाब्यालिमानांचाही पुढे बळी गेला. एका माणसाच्या नकाराने जवळपास दोन आठवडे जे थांबले, ते सुरू करण्यासाठी आधी त्याला हटवावे लागले, यावरून ते अटळ नव्हते एवढे निश्चित होते.

आता स्मरणाकडे वळता येईल. दर वर्षी 7 एप्रिलला रवांडात ‘क्विबुका’ सुरू होते. तिथल्या भाषेत त्याचा अर्थ स्मरण करणे. संयुक्त राष्ट्रांनीही हा दिवस या संहाराच्या चिंतनाचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून मान्य केला आहे. किगालीतील गिसोझी टेकडीवरच्या स्मारकात ज्योत पेटवली जाते, सात दिवस राष्ट्रीय शोक पाळला जातो, त्या आठवड्यात लग्ने आणि करमणुकीचे कार्यक्रम होत नाहीत, गावोगावी सभा भरतात, वाचलेले लोक साक्ष देतात आणि स्मरणाचा काळ जुलैच्या आरंभापर्यंत चालू राहतो. मोठ्या सभांमध्ये कोणी तरी किंचाळत उठते, कोणी तरी धावत सुटते किंवा कोसळते, कारण त्याच्या लेखी ते सारे त्या क्षणी पुन्हा घडत असते. म्हणून मानसिक आघातावर उपचार करण्याचे शिक्षण घेतलेले स्वयंसेवक आणि शांत खोल्या यांची सोय हा आता समारंभाचाच भाग झाला आहे. आजच्या रवांडातील बहुसंख्य नागरिक 1994 नंतर जन्मलेले आहेत, त्यामुळे या सभांत ऐकणारे आणि सांगणारे यांच्यातील वयाचे अंतर दर वर्षी वाढत जाते.

स्मारकांचे स्वरूप आणखी बोलके आहे. गिसोझीच्या स्मारकात अडीच लाखांहून अधिक मृतांचे अवशेष पुरलेले आहेत, आणि 2004 मध्ये उघडलेल्या तिथल्या प्रदर्शनाची मांडणी वसाहतकाळापासून क्रमाक्रमाने संहाराच्या तयारीकडे येते. न्यामाताचे विटांचे चर्च मात्र जवळपास जसेच्या तसे ठेवलेले आहे. पूर्वीच्या दंग्यांत चर्चमध्ये गेलेले वाचले होते, या अनुभवावर विसंबून हजारो लोक तिथे आले, आणि एप्रिलच्या मध्यावर दरवाजे फोडून त्यांना मारण्यात आले. आज त्या बाकांवर मृतांचे कपडे रचून ठेवले आहेत : मातकट झालेले फ्रॉक, स्वेटर, पोरांच्या चड्ड्या, सगळ्यांचा रंग एव्हाना एकच. पत्र्याच्या छतात गोळ्यांची भोके असल्याने दिवसा उजेडाचे ठिपके कपड्यांवर पडतात. मृतांच्या वस्तूंत ती ओळखपत्रेही आहेत. चर्चच्या बाहेर, भिंतीलगत लोकातेल्लींची कबर आहे, म्हणजे इशारा आणि परिणाम यांच्यात काही पावलांचेच अंतर. कोणा आखणीकाराने मुद्दाम जुळवलेली रचना ही नव्हे, पण प्रतिबंधाच्या अभ्यासकाला याहून नेमके स्मारक मिळणे कठीण.

मुराम्बी येथील तांत्रिक शाळेत तर सामूहिक कबरींतून काढलेले शेकडो देह चुन्यात जतन करून वर्गखोल्यांत ठेवलेले आहेत, आणि फ्रेंच सैन्याच्या ‘ऑपेरासियाँ तुर्कवाझ’ या मोहिमेतील सैनिकांनी कबरींच्या शेजारी व्हॉलीबॉलचे मैदान केले होते, अशी पाटीही तिथे लावलेली आहे. देह असे मांडून ठेवण्याला वाचलेल्यांपैकी अनेकांचा विरोध होता. मृताला मातीआड करणे हा रवांडातल्या रीतीप्रमाणे जिवंतांनी पाळायचा किमान धर्म असून, कोणाच्या तरी आईला कायमचे प्रदर्शनात ठेवण्याचा हक्क राज्याला कोणी दिला, असा त्यांचा प्रश्न होता. याच्या उलट, असे काही झालेच नाही म्हणणारे लोक देशात आणि परदेशांत आहेत, आणि हाडे हा एकच पुरावा असा आहे की ज्याला खोटे पाडता येत नाही, असे इतरांचे म्हणणे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण इन्काराला उत्तर म्हणून देहापेक्षा कागद अधिक टिकाऊ ठरतो, असे न्यायालयांच्या अनुभवावरून वाटते. न्यामाता, मुराम्बी, गिसोझी आणि कोयतेधारी टोळ्यांचा दगडांनी प्रतिकार करणाऱ्या तुत्सींचा बिसेसेरो हा डोंगर, या चार स्थळांचा 2023 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात समावेश केला.

इन्काराला उत्तर ठरणाऱ्या अशा कागदांचे मोठे भांडार गावच्या न्यायसभांनी निर्माण केले. संहारानंतर तुरुंगांत लाखाहून अधिक संशयित कोंबलेले होते. न्यायाधीश आणि वकील मारले गेलेले किंवा पळालेले, आणि नेहमीच्या गतीने खटले चालवायचे तर शतक लोटले असते. म्हणून जमिनीचे आणि गुराढोरांचे तंटे गवतावर बसून मिटवण्याची ‘गचाचा’ ही जुनी रीत, आपल्याकडील गावकीच्या पंचांसारखी, कायद्याने नव्याने बांधून घेतली गेली. गावाने निवडलेले पंच, उघड्यावरची बैठक, सर्वांची हजेरी आणि कबुली दिल्यास शिक्षेत सूट, असे तिचे रूप होते. 2012 मध्ये या सभा बंद होईपर्यंत सुमारे बारा हजार न्यायसभांनी जवळपास 20 लाख प्रकरणे निकालात काढली. आरोपीला वकील नव्हता, पंचांचे शिक्षण बेताचे होते, काही ठिकाणी जुने वैर साधले गेले आणि काही साक्षीदारांचे खूनही झाले. तरीही बाप, भाऊ, मुलगी कोठे पुरली, हे हजारो कुटुंबांना प्रथम कळले ते या सभांतच. सगळे कळले मात्र नाही : किगालीजवळ काबुगा येथे 2018 मध्ये घरांच्या खाली सामूहिक कबरी सापडल्या आणि शेजाऱ्यांनी चोवीस वर्षे तोंड मिटून ठेवल्याचे उघड झाले.

वरच्या पातळीवरचे गुन्हेगार टांझानियातील अरुशा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे उभे राहिले. ज्याँ-पॉल आकायेसू या कम्यूनप्रमुखाला 2 सप्टेंबर 1998 रोजी दोषी ठरवण्यात आले; खटला चालवून वंशसंहाराच्या गुन्ह्यासाठी एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कोणाला दोषी ठरवण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याच्या मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखही नव्हता; सुनावणीत स्त्रिया बोलू लागल्या आणि तीन न्यायाधीशांतील एकमेव स्त्री, डर्बनच्या भारतीय वंशाच्या नवनीतम पिल्ले, यांनी त्या साक्षींचा पाठपुरावा केला. पुढे आरोपपत्र दुरुस्त झाले आणि बलात्कार हेही वंशसंहाराचे साधन ठरू शकते, हे तत्त्व त्या निकालाने कायद्यात आणले. 2003 मध्ये आरटीएलएमच्या संस्थापकांसह तीन माध्यमचालकांना शिक्षा झाली. आपल्या काळातील समाजमाध्यमांवरच्या द्वेषाची चर्चा करणाऱ्याने हा निकाल मुळातून वाचावा, कारण रेडिओवरचा विनोद कोणत्या टप्प्यावर चिथावणी होतो, याचा ऊहापोह त्यात वाक्यावाक्याने केलेला आहे.

रवांडाच्या स्मरणव्यवस्थेची दुसरी बाजूही मांडणे भाग आहे. देशाच्या राज्यघटनेने या संहाराचे अधिकृत नाव ‘तुत्सींविरुद्धचा वंशसंहार’ असे ठरवले आहे, आणि ते वस्तुस्थितीला धरून आहे. परंतु ‘वंशसंहाराची विचारसरणी’ हा गुन्हा ठरवणारा 2008 चा कायदा इतका सैल शब्दांत होता की सरकारला नको असलेले स्मरणही त्यात सापडू लागले. पॅट्रिऑटिक फ्रंटच्या सैनिकांनी 1994 मध्ये आणि नंतर काँगोत केलेल्या हत्यांची वाच्यता सार्वजनिक ठिकाणी करणे कठीण झाले. विरोधी नेत्या व्हिक्त्वार इंगाबिरे यांनी जानेवारी 2010 मध्ये गिसोझीच्या स्मारकाजवळ, मारल्या गेलेल्या हुतूंचेही स्मरण व्हावे, असे म्हटले आणि पुढे त्यांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली. 2018 मध्ये त्या माफीवर सुटल्या. संहारातून स्वतः वाचलेला तुत्सी भजनगायक किझितो मिहिगो याने 2014 मध्ये सर्वच बळींसाठी शोक करणारे गीत गायले, त्यानंतर तो कटाच्या आरोपाखाली तुरुंगात गेला, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये पोलीस कोठडीत त्याचा मृत्यू झाला. ती आत्महत्या असल्याचे पोलिसांनी सांगितले, मानवी हक्क संघटनांनी स्वतंत्र चौकशीची मागणी केली. दोन्ही बाजूंच्या हत्या सारख्याच होत्या, असे म्हणणे इतिहासाचा विपर्यास ठरेल. मात्र ज्या समाजातील अनेक घरांना आपल्या मृतांविषयी बोलता येत नाही, तिथे स्मरण हे शासनाच्या मालकीचे होते, आणि मालकीची वस्तू मालकाच्या गरजेप्रमाणे वापरली जाते.

प्रतिबंधाच्या बाजूने काय झाले, हे थोडक्यात सांगता येते, कारण फार काही झालेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1999 च्या स्वतंत्र चौकशीने संघटनेचे अपयश मान्य केले, 2004 मध्ये वंशसंहार प्रतिबंधासाठी विशेष सल्लागाराचे पद निर्माण झाले आणि 2005 च्या शिखर परिषदेत प्रत्येक राज्यावर आपल्या जनतेच्या संरक्षणाची जबाबदारी असल्याचे तत्त्व देशांनी मान्य केले. कायद्याच्या दृष्टीने सर्वांत वजनदार पाऊल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 26 फेब्रुवारी 2007 रोजी बोस्निया आणि सर्बिया यांच्या खटल्यात टाकले : बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथील वंशसंहार सर्बियाने केला नसला तरी तो रोखण्याचे कर्तव्य त्याने मोडले, आणि हे कर्तव्य गंभीर धोका असल्याचे राज्याला कळते त्याच क्षणी सुरू होते, असे न्यायालयाने म्हटले. या कसोटीवर 1994 चे सगळे तारसंदेश पुन्हा वाचता येतात. रोहिंग्यांच्या प्रश्नावर गांबियाने म्यानमारविरुद्ध 2019 मध्ये आणि गाझाच्या प्रश्नावर दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध 2023 मध्ये याच कराराखाली दावे दाखल केले, आणि दोन्हींत न्यायालयाने अंतिम निकालापूर्वीच तात्पुरते संरक्षक आदेश दिले.

साधने नसतात, अशातलाही भाग नाही. मे 1994 मध्ये आरटीएलएमचे प्रक्षेपण हवेतून बंद पाडण्याचा प्रस्ताव अमेरिकी संरक्षण खात्यापुढे आला, तेव्हा विमानाच्या दर तासाला सुमारे साडेआठ हजार डॉलर खर्च येईल, हेही एक कारण देऊन तो बाजूला ठेवला गेला. ज्या हंगामी सरकारच्या अखत्यारीत संहार चालू होता, त्याचा प्रतिनिधी त्या काळात सुरक्षा परिषदेचा अस्थायी सदस्य म्हणून मतदान करत होता आणि त्याला कोणी बाहेर काढले नाही. जूनपर्यंत अमेरिकी प्रवक्त्या ‘वंशसंहाराची कृत्ये’ घडल्याचे मान्य करत होत्या, पण वंशसंहार घडला असे म्हणण्याचे टाळत होत्या, कारण तो शब्द उच्चारला की करारातील कर्तव्याचा प्रश्न उभा राहिला असता. रवांडाने मात्र स्वतःपुरती एक गोष्ट केली : ओळखपत्रावरील समाजाचा उल्लेख काढून टाकला.

आपल्याकडे पाहायचे तर, भारताने वंशसंहारविरोधी करारावर 1949 मध्ये सही केली आणि 27 ऑगस्ट 1959 रोजी त्याला मान्यता दिली. मात्र करारासंबंधीचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्यासाठी प्रत्येक वेळी सर्व पक्षांची संमती लागेल, अशी अट त्याने राखून ठेवली. करार आपल्याकडे लागू करण्यासाठी कायदा करणे हे सदस्य राष्ट्राचे कर्तव्य असताना असा स्वतंत्र कायदा संसदेने केलेला नाही. 1984 च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या एका खटल्यात 17 डिसेंबर 2018 रोजी निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार हे आपल्या फौजदारी कायद्याचा भाग नसल्याची खंत व्यक्त करून, ही त्रुटी तातडीने दूर करण्याची गरज सांगितली; सामूहिक हिंसेच्या सूत्रधारांना राजकीय आश्रय मिळतो आणि खटला उभा राहायलाच दशके लागतात, हे न्यायालयाच्या निरीक्षणाचे कारण होते. 1 जुलै 2024 रोजी जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. पाच किंवा अधिक जणांच्या जमावाने वंश, जात, समाज, भाषा किंवा श्रद्धा अशा कारणांवरून केलेल्या खुनासाठी तिच्या कलम 103 मध्ये वेगळी तरतूद आहे. वंशसंहार हा गुन्हा तिच्यातही नाही.